सायकलींची दिंडी ब्रॅडली गावात

पालखी मुक्कामाला येणार असली म्हणजे गावात काय धांदल उडते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. आदल्या दिवशी शाळा झाडून निघते, विहिरीवरची मोटार दिवसभर चालू राहते आणि घरोघर भाकरीच्या चवडी रचल्या जातात. आलेला वारकरी कोण, कुठला, काय करतो, हे कोणी विचारीत बसत नाही. चालून दमला आहे आणि भुकेला आहे, एवढे पुरते.

सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कॅलिफोर्निया राज्यात अशीच एक दिंडी निघत असे. तिच्यात टाळ-मृदंग नव्हते, सायकली होत्या. १९९४ साली ती प्रथम निघाली आणि जून २०२५ मध्ये तिची शेवटची फेरी झाली. मधली २०२० आणि २०२१ ही करोनाची दोन वर्षे सोडली, तर तिने एकही उन्हाळा चुकवला नाही. उत्तरेच्या सॅन फ्रान्सिस्को शहरातून निघायचे आणि सातव्या दिवशी दक्षिणेच्या लॉस एंजेलिस शहरात पोचायचे. अंतर ५४५ मैल, म्हणजे जवळजवळ ८८० किलोमीटर. मुंबईहून जुन्या रस्त्याने नागपूर गाठावे आणि वर आणखी थोडे पुढे जावे, एवढे. सुरुवातीला तिला ‘कॅलिफोर्निया एड्स राइड’ म्हणत. २००२ पासून तिचे नाव ‘एड्स लाइफसायकल’ झाले. एच. आय. व्ही. आणि एड्सच्या रोग्यांसाठी पैसा उभा करावा, आणि या रोगाभोवती जी लाज आणि भीती साठली आहे ती थोडी कमी करावी, असा तिचा दुहेरी हेतू होता.

या सात दिवसांतला तिसरा दिवस आपण आज पाहणार आहोत. हा दिवस सारा शेताशिवारातून जाणारा आणि एका चिमुकल्या खेड्याच्या शाळेत जेवणारा. म्हणून तो आपल्या ओळखीचा वाटेल.

नुसते पैसे का नाही दिले?

पण त्याआधी एक शंका. चार जाणती माणसे पारावर बसली म्हणजे विचारतीलच, की रोग्यांना मदत करायची तर सरळ पैसे द्यावेत. त्यासाठी सात दिवस सायकल हाणून हाडे खिळखिळी करायची काय गरज?

शंका रास्त आहे. तिचे उत्तर वर्गणीच्या रीतीत आहे. या यात्रेत नुसती सायकल घेऊन येऊन चालत नसे. अलीकडच्या वर्षांत प्रत्येक स्वाराला किमान ३,००० डॉलर जमवून आणावे लागत. आपल्या पैशात हे अडीच लाख रुपयांच्या घरात जाते. इतकी रक्कम एकट्याच्या खिशातून सहसा निघत नाही. मग तो शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे, कचेरीतल्या मंडळींकडे, मामा-मावश्यांकडे जाई. कोणी घरी केक भाजून विके, कोणी जेवण ठेवी, कोणी नुसती पत्रे लिही. ‘मी इतके मैल सायकल चालवणार आहे, तू माझ्या नावाने काही टाक,’ असे सांगितले म्हणजे समोरच्याचा हात खिशाकडे जातो. जो स्वतः घाम गाळायला तयार आहे त्याला नाही म्हणवत नाही.

आणि पैसे मागताना कशासाठी ते सांगावेच लागते. ज्या रोगाचे नाव घरात काढायचे नाही, त्याचे नाव अशा रीतीने हजारो घरांतल्या जेवणाच्या मेजावर निघू लागले. कित्येकांनी त्या निमित्ताने प्रथमच सांगितले, की माझा भाऊ यात गेला, किंवा हा रोग मलाच आहे. वर्गणीच्या डब्याने हे काम केले. नुसत्या धनादेशाने ते झाले नसते.

तळावरची पहाट

तिसऱ्या दिवशीची पहाट उजाडे ती किंग सिटी नावाच्या गावाबाहेर, सॅन लोरेन्झो उद्यानात. हे उद्यान सॅलिनास नदीच्या काठी आहे. तिथेच जुनी शेती-अवजारे आणि जुने धान्याचे कोठार जपून ठेवलेले एक संग्रहालय आहे. आपला एखादा शेतकरी तिथे गेला तर तंबू सोडून आधी तेच पाहायला जाईल.

सॅलिनासचे खोरे म्हणजे नामी शेतीचा मुलूख. अमेरिकेत त्याला ‘देशाची कोशिंबिरीची वाटी’ म्हणतात. लेट्यूस ही कच्ची खायची पालेभाजी, कोबी, फुलकोबी, ब्रोकोली, स्ट्रॉबेरी यांची लांबच लांब वावरे दोन्ही अंगांना पसरलेली. नदीची मौज अशी, की ती दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, आणि उन्हाळ्यात बरेचसे पाणी वाळूखालून जाते. वरून पाहावे तर कोरडे पात्र, पण खाली पाणी. विहिरींतून ते उपसले जाते. मजूर बहुतेक मेक्सिकोकडचे. पहाटेच्या धुक्यात डोक्याला रुमाल बांधून ते वावरात वाकलेले असतात. सायकलींची रांग सुरू होण्याआधीच त्यांचा दिवस सुरू झालेला असे.

तळावर चार वाजल्यापासून हालचाल. चांगल्या वर्षी दोन हजारांवर स्वार, आणि त्यांची सेवा करणारे पाच-सहाशे स्वयंसेवक. एकूण अडीच हजारांचे गावच म्हणा ना, जे रोज संध्याकाळी उभे राही आणि रोज सकाळी उठे. तंबू ओळीने आणि क्रमांकाने, दोघादोघांना एक. सामान ट्रकमधून पुढच्या मुक्कामाला जाई. ट्रकवरच बसवलेली न्हाणीघरे होती. सायकली रात्री एका राखलेल्या मैदानात ओळीने लावायच्या, तंबूजवळ आणायच्या नाहीत.

स्वयंसेवकांची वाटणीही पाहण्यासारखी. कोणी जेवण वाढणारे, कोणी सामान उचलणारे, कोणी सायकल दुरुस्त करणारे, कोणी डॉक्टर-नर्स. काहींचे काम मोटारसायकलवरून पुढे जाऊन वळणावर आणि चौकात उभे राहण्याचे, म्हणजे स्वारांना वाहनांचा धोका होऊ नये. ही सारी मंडळी स्वतःची रजा खर्ची घालून आलेली. सायकल चालवणाऱ्याचे नाव होते. भांडी घासणाऱ्याचे होत नाही. तरी दरवर्षी तीच माणसे पुन्हा येत.

न्याहारी भरपूर. अंडी, लापशी, पाव, फळे. दिवसभर पायडल मारायचे तर पोटात काही हवे. मग पायाला, मांडीला, खोगिराशी घासणाऱ्या जागेला मलम. ज्याने आयुष्यात कधी बैलगाडीच्या लाकडी साटीवर बसून लांबचा प्रवास केला आहे त्याला या मलमाचे महत्त्व वेगळे सांगायला नको!

साडेसहाला वाट खुली होई. हेल्मेटवाचून कोणाला सोडत नसत. कानात गाणी लावायला बंदी. एकामागे एक, एका रांगेत चालवायचे. पुढे जायचे असेल तर ‘डावीकडून येतोय’ अशी हाळी द्यायची, कारण तिकडे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. मागून मोटार आली तर शेवटचा स्वार ओरडे आणि ती ओरड रांगेतून पुढेपुढे जाई. खड्डा दिसला तर बोटाने दाखवायचा. आपल्या दुधवाल्यांनी आणि शाळकरी पोरांनीही ही रीत उचलावी अशी आहे.

मांड्या मोडणारा चढ

किंग सिटी सोडली, की थोड्याच वेळात जोलोन रस्त्यावर चढ लागे. स्वारांनी त्याला नाव ठेवले होते ‘क्वाडबस्टर’, म्हणजे मांड्या मोडणारा. लांबी फार नाही, दोन किलोमीटरच्या आसपास. आपल्या खंबाटकी किंवा कसाऱ्यापुढे तो काहीच नाही. पण मागल्या दोन दिवसांत तीनशेच्या आसपास किलोमीटर झालेले. पाय आधीच जड. त्यात दुसऱ्या दिवशी समुद्राकडचा वारा पाठीवर घेऊन सारे आरामात आलेले असायचे. तिसऱ्या दिवशी सकाळीच असा चढ म्हणजे अंगावर काटा.

या स्वारांत कसलेले सायकलपटू थोडे. बाकीचे शिक्षक, कारकून, नर्स, दुकानदार, निवृत्त माणसे. अठरा वर्षांच्या तरुणांपासून सत्तरी ओलांडलेल्या आजोबांपर्यंत सारे. कित्येकांनी वर्ग भरला त्या वर्षीच पहिल्यांदा चांगली सायकल घेतलेली. कोणी कमी दाताची चकती लावून गोगलगाईसारखे चढे, कोणी उतरून सायकल ढकली. ढकलण्यात कमीपणा नव्हता.

या चढावर एक रीत पडून गेली होती. जे दमदार स्वार आधी वर पोचत, त्यांतले काही तिथे थांबत नसत. ते सायकल वळवून पुन्हा खाली येत आणि मागे राहिलेल्याच्या पाठीवर एक हात ठेवून, दुसऱ्या हाताने आपली सायकल सांभाळत, त्याला वर रेटीत. मग पुन्हा खाली, पुन्हा दुसरा. एकाच चढाला काही जण असे तीन-तीन, चार-चार वेळा चढत. माथ्यावर उभे असलेले लोक टाळ्या वाजवून, घंटा वाजवून प्रत्येक येणाऱ्याचे स्वागत करीत, मग तो पहिला असो की शेवटचा.

चिखलात गाडी रुतली, की मागचा गाडीवान आपले बैल सोडून पुढच्या गाडीला जुंपतो. ही रीत आपल्याकडे जुनी आहे. तीच तिथे दिसे.

ज्याला काही केल्या जमत नसे, त्याच्यासाठी मागून गाड्या येत. त्यांत सायकल टाकून पुढच्या थांब्यावर जायचे. संध्याकाळी ठरलेल्या वेळेनंतर जे वाटेत असत त्यांनाही या गाड्या गोळा करीत. गाडीत बसलेल्याला कोणी हिणवीत नसे. कारण या रांगेत असे अनेक जण होते, ज्यांना स्वतःला एच. आय. व्ही. होता. त्यांनी आपला एक गटच केला होता आणि त्याचे नाव त्यांच्या कपड्यांवर उघड लिहिलेले असे. ‘आम्ही रोगी आहोत, आणि आम्ही तुमच्या पुढे सायकल चालवीत आहोत,’ हे त्यांना जगाला दाखवायचे होते.

चढ उतरल्यावर लॉकवुडचा माळ लागे. गवताळ टेकड्या, ओकची विरळ झाडे, कुंपणामागे गुरे. धुके विरून ऊन चढू लागे. दर पंचवीस-तीस किलोमीटरवर थांबा. तिथे पाणी, मिठा-साखरेचे सरबत, केळी, शेंगदाण्याच्या लोण्याचा पाव. सायकल दुरुस्त करणारे कारागीर पाने-पकड घेऊन बसलेले. स्वयंसेवक चित्रविचित्र सोंगे घेऊन उभे, कारण दमलेल्या माणसाला पाण्याइतकेच हसूही लागते.

ब्रॅडलीची शाळा

आणि मग दुपारच्या सुमाराला ब्रॅडली येई.

ब्रॅडली हे गाव किती मोठे? २०१० च्या शिरगणतीत तिथे ९३ माणसे होती. आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढे. रेल्वेच्या रुळाशेजारी, नदीच्या काठी चार घरे, आणि एक शाळा. शाळेत बालवर्गापासून आठवीपर्यंतची मुले. गावची आणि आसपासच्या मळ्यांवरची, गुरांच्या कुरणांवरची.

लहान शाळेचे दुखणे जगात सगळीकडे सारखे. पोरे थोडी, म्हणून पैसा थोडा. मास्तरांचा पगार सरकार देते. पण सहल काढायची, गाणे-चित्रकला शिकवायची, खेळाचे सामान घ्यायचे, तर ते कुठून आणायचे? गावात दुकान नाही, कारखाना नाही, देणगी मागायला कोणी धनवान नाही.

गावकऱ्यांनी पाहिले, की वर्षातून एक दिवस दोन हजार भुकेली माणसे आपल्या दारावरून जातात. यात्रेचे जेवण यात्रावाले देतच होते. पण मोकळ्या हवेत निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाच्या वडीचा गरम पाव, ज्याला तिकडे बर्गर म्हणतात, तो थंड डब्यापेक्षा कोणालाही गोड लागणार! गावाने शाळेच्या आवारात चुली मांडल्या. आई-बाप भाजायला उभे राहिले, आणि मुले वाढायला. ठरीव किंमत मागण्यापेक्षा देणगी म्हणून द्याल ते द्या, अशी पद्धत.

बघता बघता ही जेवणाची जागा साऱ्या यात्रेत नावाजली गेली. स्वार आपल्या सदऱ्याच्या मागल्या खिशात ब्रॅडलीसाठी वेगळी नोट ठेवून निघू लागले. मागितल्यापेक्षा कितीतरी जास्त देऊ लागले. एका दुपारी हजारो डॉलर गोळा होत, आणि त्यावर शाळेच्या मुलांच्या वर्षाच्या सहली, कला, खेळ असे उपक्रम चालत. मुलांनी हाताने लिहिलेल्या आभाराच्या पाट्या कुंपणावर लागत.

आता जरा थांबून या देवघेवीकडे पाहू. जे लोक स्वतः दारोदार वर्गणी मागून निघाले होते, त्यांनी वाटेत एका खेड्याची शाळा उभी धरली. आणि ज्या गावाला देण्यासारखे काही नव्हते, त्याने त्यांना घास दिला. यात उपकार कोणाचा कोणावर, हे ठरवणे कठीण.

पण माझ्या मते खरी गोष्ट पैशाच्या पुढची आहे. अमेरिकेत या रोगाने सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त बळी घेतले ते समलिंगी पुरुषांचे. ५ जून १९८१ रोजी तिथल्या सरकारी आरोग्य पत्रिकेत लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांच्या आजाराची नोंद छापून आली, तिथून या रोगाचा इतिहास सुरू होतो. आजवर त्या देशात सात लाखांहून अधिक माणसे त्यात गेली. सुरुवातीच्या काळात रोग्याजवळ जायला लोक घाबरत. घरमालक घर सोडायला लावीत, शाळा मुलांना घेत नसत, आई-बाप मुलाचे प्रेत न्यायला येत नसत. खेड्यापाड्यांत तर हे शहरातले पाप म्हणून बोलले जाई.

अशा मुलखात, एका खेड्याच्या शाळेत, दहा वर्षांची मुलगी हातात ताटली घेऊन एका घामेजलेल्या माणसापुढे उभी राहते आणि त्याला जेवायला वाढते. तो रोगी आहे की नाही हे ती विचारीत नाही. तिची आई मागे उभी आहे, आणि तीही विचारीत नाही. हे दरसाल घडत होते. त्या शाळेतून जे मूल आठ-नऊ वर्षे शिकून बाहेर पडले, त्याने इतक्या वेळा या माणसांना आपल्या हाताने जेवू घातले. त्याला या रोगाची भीती घालायची म्हटली तरी कशी घालणार? पुस्तकातला धडा विसरतो, हा विसरत नाही.

जत्रेच्या मैदानात संध्याकाळ

जेवणानंतरचा पल्ला उन्हाचा. समुद्र डोंगराआड राहिलेला, त्यामुळे गार वारा नाही. डांबर तापलेले. काही वर्षी पारा पस्तिशीच्या वर जाई. सॅन मिगेलला पोचले, की १७९७ साली स्पॅनिश धर्मगुरूंनी स्थापन केलेल्या ठाण्यातल्या मातीच्या विटांच्या जुन्या चर्चच्या परिसरात विसावा. डिसेंबर २००३ च्या भूकंपात या इमारतीला तडे गेले होते. २००९ साली ती पुन्हा उघडली. त्या जाड भिंतींच्या सावलीत पाठ टेकली, की कोणाला उठू नयेसे वाटे.

तिथून द्राक्षाचे मळे सुरू होत. आपल्या नाशिक-सांगलीकडच्या बागायतदारांना ही वाट ओळखीची वाटावी. फरक एवढाच, की तिकडची बहुतेक द्राक्षे मद्यासाठी जातात. पासो रोबलेस या गावी मुक्काम. जागा कोणती, तर जिथे दरसाल गुराढोरांचे आणि शेतीचे प्रदर्शन-जत्रा भरते ते मैदान. दिवसाचे सुमारे शंभर किलोमीटर पुरे झालेले.

संध्याकाळी तळावर गुडघ्याला बर्फ, पायाच्या फोडांना मलमपट्टी, ताटभर जेवण. मग सर्वांसमोर कोणी उठून आपली हकिकत सांगे. नऊ वाजता दिवे मंद. बहुतेकांच्या सायकलीच्या दांडीला एखादी फीत बांधलेली असे, आणि तिच्यावर गेलेल्या माणसाचे नाव.

या यात्रेत एक सायकल अशी होती, जिच्यावर कोणी बसत नसे. समारंभाच्या वेळी एच. आय. व्ही. असलेले स्वार ती रिकामी सायकल हाताने धरून सर्वांमधून चालवीत नेत. जे या वाटेवर असायला हवे होते आणि नाहीत, त्यांची ती सायकल. त्या वेळी दोन हजारांच्या गर्दीत आवाज नसे. सहाव्या रात्री समुद्रकाठी मेणबत्त्या घेऊन सारे उभे राहत आणि मग एकेक करून त्या विझवीत.

पैशाचा हिशेब

दान देणाऱ्याने हिशेब विचारावा, हे या यात्रेनेही शिकवले. पहिली काही वर्षे डॅन पॅलोटा यांची कंपनी ही यात्रा भरवीत होती. पैसा मोठा जमे, पण खर्चही मोठा होई, आणि त्यावरून वाद झाला. तेव्हा ज्या संस्थांसाठी पैसा जमवला जाई, त्यांनीच २००२ पासून आपली यात्रा आपण काढायची ठरवले. एक १९८२ साली निघालेली सॅन फ्रान्सिस्को एड्स फाउंडेशन, आणि दुसरे १९६९ पासून समलिंगी व तृतीयपंथी लोकांसाठी काम करणारे लॉस एंजेलिसचे केंद्र. १९९४ पासून शेवटपर्यंत मिळून या दिंडीने ३० कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. त्यातून मोफत तपासणी, औषधोपचार, समुपदेशन, निराधार रोग्यांना आधार अशी कामे झाली.

करोनानंतर खर्च वाढला, येणारे कमी झाले, आणि जेवढे उरायला हवे तेवढे उरेना. तेव्हा संस्थांनी ओढून-ताणून चालू न ठेवता २०२५ ची फेरी शेवटची असे आधीच जाहीर केले आणि ती नीट पार पाडून थांबवली. चालू करणे जितके महत्त्वाचे तितकेच वेळेवर थांबवणेही. आपल्याकडच्या कित्येक मंडळांना आणि सोसायट्यांना हे साधत नाही.

आपल्या शिवेच्या आत

सायकल आणि समाजाचे काम हे नाते आपल्याला नवे नाही. डिसेंबर १९८५ मध्ये बाबा आमटे यांनी कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ यात्रा काढली, तेव्हा शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर निघाले होते. पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे बाबांना बसणेही अवघड; ते गाडीत आडवे पडून बरोबर गेले. ज्या बाबांनी महारोग्यांना आनंदवनात घर दिले, त्यांच्या मुलखातल्या माणसांना रोग्याला वाळीत टाकणे म्हणजे काय, हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

तरीही समजावे लागते. भारतात हा रोग १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांच्या तपासणीत प्रथम सापडला. २०२३ च्या सरकारी अंदाजाने देशात एच. आय. व्ही. असलेली माणसे २५ लाखांच्या घरात आहेत, आणि राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा आहे. ही माणसे शहरातच आहेत असे नव्हे. मालमोटारीवर, ऊसतोडीवर, बांधकामावर गेलेला घरधनी हा रोग घेऊन आला, आणि तो गेल्यावर मागे राहिलेल्या बाईला सासरने घराबाहेर काढले, असे खेड्यापाड्यांत घडलेले आहे. तिची भांडी वेगळी, तिचे पाणी वेगळे, तिच्या मुलाला शाळेत कोपरा.

म्हणून दोन-चार गोष्टी घरातल्या सर्वांनी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. हा रोग असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून, दूषित सुईतून आणि आईकडून बाळाला होतो. एका ताटात जेवल्याने, हातात हात दिल्याने, एका पाणवठ्यावर पाणी भरल्याने किंवा डास चावल्याने होत नाही. औषधाने तो मुळातून जात नाही, पण ताब्यात राहतो. सरकारी केंद्रांतून ही औषधे १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. आता बहुतेकांना रोज एकच गोळी पुरते. ती नियमाने घेतली आणि तपासणीत रक्तातले विषाणू दिसेनासे झाले, व तसेच राहिले, तर शरीरसंबंधातूनही तो दुसऱ्याला होत नाही. आईने गरोदरपणी वेळेवर उपचार घेतले तर बहुतेक बाळे निरोगी जन्मतात. सरकारी रुग्णालयात तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त ठेवतात. १०९७ या क्रमांकावर फोन केला तर पैसे न पडता माहिती मिळते. २०१७ च्या कायद्याने अशा माणसाला नोकरी, शाळा, दवाखाना किंवा राहते घर नाकारायला बंदी घातली आहे.

आपल्याकडे अशी सायकलींची मोठी दिंडी निघेल तेव्हा निघेल. तिची वाट पाहण्याची गरज नाही. ब्रॅडलीच्या गावकऱ्यांनी सायकल चालवली नव्हती, भाषणे केली नव्हती, फलक लावले नव्हते. त्यांनी चूल पेटवली आणि मुलांच्या हातात ताटे दिली. आपल्या आळीतही अशी एखादी बाई असेल, जिच्या दारात हळदीकुंकवाचे बोलावणे कित्येक वर्षांत गेले नसेल. येत्या संक्रांतीला तिच्या घरी आधी जावे, आणि जाताना आपल्या लेकीला बरोबर न्यावे.